हाकेचं नाव

ऐरोलीला गाडी थांबली, उतरणारे उतरले, चढणारे चढले, आणि माझ्या समोरच्या बाकावरचे गृहस्थ तसेच बसून राहिले. पिशवी त्यांनी आधीच मांडीवर घेतली होती, म्हणजे उतरायचं होतंच. पण नजर माझ्या हातातल्या पुस्तकावर खिळली होती. गाडी सुटली. रबाळे गेलं. घणसोलीला मी उतरले तर तेही मागोमाग उतरले आणि फलाटावर चार हात अंतर राखून म्हणाले, "माफ करा हं, एकच विचारतो. ती गेली, म्हणून वाचताय का?"

ती म्हणजे अमेरिकन लेखिका उर्सुला के. ल ग्विन. २२ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात ती वारली. वय अठ्ठ्याऐंशी. त्याच आठवड्यातली ही संध्याकाळ. बातमी वाचल्यापासून मी दोन दिवस गप्प होते. जिला कधी पाहिलं नाही, जिच्याशी एका अक्षराचा पत्रव्यवहार नाही, अशा परक्या देशातल्या बाईसाठी रडू येतंय हे घरात सांगायचं कसं? आणि इथे एक अनोळखी माणूस नेमकं तेच विचारत होता. मी "हो" म्हटलं आणि पुढे बोलवेना. तेही बोलले नाहीत. फलाटावरच्या बाकड्यावर आम्ही दोघं बसलो आणि ठाण्याकडे जाणाऱ्या तीन गाड्या त्यांनी सोडून दिल्या.

ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली तेव्हापासून मी त्या मार्गावर ये-जा करते. इतक्या वर्षांत त्या गाडीत माझ्याशी पुस्तकाबद्दल बोललेले ते पहिलेच.

माझ्याकडे ते पुस्तक आलं १९९४ मध्ये. कॉलेजात होते. फोर्टात, फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' सापडलं. कोपरे झिजलेले, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव लिहून पुन्हा खोडलेलं. वीस रुपये. आमच्या घरात वाचन होतं, पण ते गंभीर वाचन. जादूगार, ड्रॅगन, मंतरलेली बेटं ही लहान मुलांची करमणूक, मिसरूड फुटेपर्यंत ठीक, असं मानणारं घर. पुढे नोकरीला लागल्यावर एका वाचनमंडळात मी उत्साहाने ह्या पुस्तकाबद्दल बोलायला उठले, तर तिथल्या एका ज्येष्ठांनी मायेनेच विचारलं, "आणि मोठ्यांसाठीचं काय वाचता?" सगळे हसले. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं मी हे नाव कुणापुढे काढलं नाही. पुस्तक मात्र दरवर्षी पावसाळ्यात एकदा काढायचे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अर्थसी हे समुद्रात विखुरलेल्या शेकडो बेटांचं जग. ल ग्विनने गोष्टीच्या आधी त्याचा नकाशा काढला आणि मग एकेका बेटावर जाऊन तिथे काय आहे ते शोधत गेली. १९६७ च्या सुमारास बर्कलीच्या पार्नासस प्रेस ह्या छोट्या प्रकाशनाने तिला थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिही असं सांगितलं. तिच्या मनात प्रश्न आला की गोष्टीतले जादूगार सगळे पांढऱ्या दाढीचे म्हातारे. पण ते कधीतरी पोरवयाचे असतीलच ना? तेव्हा ते काय करत होते? ही विद्या शिकले कुठे? त्यातून १९६८ मध्ये हे पुस्तक आलं. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरच्या एका कासाराचा आईवेगळा, तापट, हुशार पोरगा. जादूच्या शाळेत तो ईर्ष्येला पेटतो, आपलं सामर्थ्य दाखवायला एका मृत स्त्रीला हाक मारतो, आणि त्या फटीतून एक सावली जगात निसटते. तोंडावर कायमचे व्रण घेऊन तो आधी त्या सावलीपासून पळतो. मग गुरू सांगतात, मागे फिर. आता तू तिचा पाठलाग कर.

आणि तो गोरा नाही. तांबूस-तपकिरी आहे. त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे. पुस्तकातले गोरे लोक म्हणजे पहिल्याच प्रकरणात गावावर चालून येणारे लुटारू. विसाव्या वर्षी मी ते वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचलं होतं, कारण तोवर वाचलेल्या इंग्रजी अद्भुतकथांतला एकही नायक माझ्या भावाच्या रंगाचा नव्हता. मुखपृष्ठांवर मात्र कित्येक वर्षं त्याला गोराच रंगवत राहिले. २००४ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेतही गोरा नट घेतला, तेव्हा ल ग्विनने जाहीर लेख लिहून निषेध केला.

पण ह्या पुस्तकाने मला धरून ठेवलं ते नावांमुळे.

अर्थसीत प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं, आणि ते ज्याला ठाऊक त्याची त्यावर सत्ता चालते. जादू म्हणजे दुसरं काही नाही, नावं ठाऊक असणं. म्हणून खरं नाव कुणी चारचौघांत सांगत नाही. हाकेचं नाव वेगळं. आपला नायक जगाला स्पॅरोहॉक म्हणून माहीत, म्हणजे आपल्या शिक्र्याच्या भाऊबंदांतला पक्षी. तेराव्या वर्षी तो थंडगार झऱ्यातून चालत जातो आणि पलीकडच्या काठावर वाट पाहणारा ओगियन हा मौनी गुरू त्याच्या कानात खरं नाव सांगतो: गेड.

कानात. हे वाचून मराठी माणसाला आपलं बारसं आठवणार नाही तर काय! आत्या पाळण्याशी वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि मग ते जगाला कळतं. पत्रिकेत राशीवरून आलेलं एक नाव, ते पूजेपुरतं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं. घरात हाक मारायला तिसरंच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्यात गुंफून. कोकणात माझी आजी रात्री सापाचं नाव काढू द्यायची नाही, जनावर म्हणायला लावायची. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. घरातून निघताना जाते नाही, येते. शब्द उच्चारला की गोष्ट घडते असं मानणाऱ्या बायकांत मी वाढले. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या ह्या लेखिकेला माझ्या आजीचा नियम कुठून कळला, हे मला त्या वेळी मोठंच कोडं होतं.

घणसोलीच्या फलाटावर त्या गृहस्थांशी बोलून झालं तेव्हा त्यांनी नाव विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं तसे तेच हसून म्हणाले, "थांबा. खरं नको. मी ऐरोली. तुम्ही घणसोली." तेव्हापासून आमच्यात हीच रीत पडली. आज आम्ही पाच जण आहोत आणि सगळे स्टेशनांच्या नावाने ओळखले जातो. ऐरोलीकाका ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बेलापूर हा माझ्या पुतण्याचा मित्र, दिवाळे कोळीवाड्यातला. सर्वांत धाकटी मुलगी २०२४ च्या सुरुवातीला आली. त्याच जानेवारीत ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव हे नवं स्टेशन सुरू झालं होतं आणि ती राहतेही तिथेच, म्हणून ती दिघा. पाचवी कळव्याची आजी. तिच्याबद्दल पुढे.

आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. पाऊस नसेल तर ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर, मासुंद्याकडे तोंड करून. कळव्याहून ठाण्याला येताना गाडी खाडी ओलांडते, म्हणजे आपण मुख्य भूमीवरून साष्टी बेटावर येतो. रोज ये-जा करणाऱ्या लाखो लोकांच्या हे ध्यानातही नसतं. बेलापूरने ते पहिल्यांदा लक्षात आणून दिलं. अर्थसी वाचल्यावर आपलाही प्रदेश बेटांचा दिसायला लागतो, असं तो म्हणतो. साष्टी, घारापुरी, उरणच्या बाजूचा किनारा, मधल्या खाड्या, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, हिवाळ्यात त्यावर उतरणारे रोहित पक्षी. त्याच्या घरात हा नकाशा पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठच होता.

आमचा एकच नियम. कुणाची परीक्षा घ्यायची नाही. आवडत्या लेखकाच्या चाहत्यांत हा एक रोग असतो: तू किती वाचलंयस, कोणत्या क्रमाने वाचलंस, अमक्या ड्रॅगनचं नाव सांग. त्यावर उतारा पुस्तकातच आहे. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेला एक साधासा दरवाजा आहे आणि तिथे एक दारवान असतो. गेड आत शिरू पाहतो तर पाऊल पुढे पडत नाही. मंत्र चालत नाहीत. शेवटी तो म्हणतो, तुम्ही मदत केल्याशिवाय मला येता येणार नाही. दारवान म्हणतो, तुझं नाव सांग. नाव सांगितलं की दार मोकळं. शिकून बाहेर पडताना अट उलटी: दारवानाचं नाव ओळखून दाखव. गेड रात्रभर विचार करतो. जबरदस्ती चालणार नाही, चलाखी चालणार नाही. सकाळी तो दारवानासमोर उभा राहतो आणि सरळ विचारतो, तुमचं नाव काय? आणि तो सांगतो. ऐरोलीकाकांच्या मते अर्थसीतलं हे सर्वांत मोठं ज्ञान. माझंही मत आता तेच आहे. वाचनमंडळातल्या त्या संध्याकाळनंतर मी गप्प बसले, कारण तिथे मला कुणी नाव विचारलं नव्हतं.

बेलापूरचा आवडता भाग होडीचा. पाठलागावर निघालेला गेड एका म्हाताऱ्या कोळ्याकडून होडी घेतो. मोबदल्यात तो म्हाताऱ्याच्या डोळ्यांतला मोतीबिंदू बरा करतो. म्हातारा होडीचं जुनं नाव सांगतो आणि म्हणतो, पण तू हिला लुकफार म्हण आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना डोळे रंगव. त्या आंधळ्या लाकडातून माझी कृतज्ञता तुझ्यासाठी नजर ठेवील, असा त्याचा भाव. बेलापूरच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पडलेल्या आजोबांना, त्याने हा भाग मराठीत करत वाचून दाखवला. आजोबांनी कुठलाही साहित्यिक प्रश्न विचारला नाही. होडी केवढी, शीड कसलं, एकटा माणूस वल्हवतो तर सुकाणू कोण धरतो, हे सगळं विचारून घेतलं. लुकफारला त्यांनी 'दूरनजर' म्हटलं. आणि त्या वर्षी नारळी पौर्णिमेआधी होडीला रंग देताना पुढच्या टोकाला दोन डोळे काढले. मी जाऊन पाहून आलेय. पांढऱ्यावर निळी बुबुळं. एक डोळा जरा वर चढलाय.

ऐरोलीकाकांना समतोलाची शिकवण प्रिय. रोकवर उगाच पाऊस पाडलास तर तिकडे ऑस्किलमध्ये अवर्षण पडेल, असं गेडला शिकवतात. एक खडादेखील बदललास तर जग बदलतं. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पटकन कळतं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, तेव्हा काका महिनाभर अस्वस्थ होते. विरोधात होते असं नाही. नातवाला विमान दाखवायला तेच सर्वांत उत्सुक. फक्त म्हणायचे, "त्या टेकडीचं खरं नाव कुणी विचारलं होतं का?"

काकांची खरी कथा मात्र तिसऱ्या पुस्तकाची. 'द फार्देस्ट शोअर', १९७२. अर्थसीत मेलेली माणसं एका कोरड्या प्रदेशात जातात. दगडांची एक बुटकी भिंत, पलीकडे उतार, न हलणारे तारे, अंधारी गावं. तिथे आई मुलाला ओळखत नाही. ज्यांनी एकमेकांवर जीव ओवाळून टाकला ती माणसं रस्त्यात समोरासमोर येतात आणि न बघता निघून जातात. काकांनी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तरुण होते, पुस्तक त्यांना थोर वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं ते काकू गेल्यानंतर. त्या पानावर पुस्तक मिटून कपाटात मागच्या रांगेत टाकलं आणि सहा वर्षं हात लावला नाही. "मला तिचा राग आला होता," हे ते ल ग्विनबद्दल म्हणाले. "इतकं सगळं समजणारी बाई, आणि हे असं लिहिते?"

त्यांना ठाऊक नव्हतं की लेखिकेलाही ती भिंत टोचत राहिली होती. २००१ मध्ये, एकोणतीस वर्षांनी, तिने 'दि अदर विंड' लिहिलं. त्याची सुरुवातच अशी की फुटकी भांडी सांधणारा एक साधा माणूस रोज रात्री स्वप्नात त्या भिंतीपाशी जातो. पलीकडे त्याची मेलेली बायको उभी असते, आणि ती त्याला ओळखते. भिंतीवरून वाकून ती त्याचं चुंबन घेते. पुस्तक संपता संपता ती भिंत पाडली जाते. दगड दगड करून. मी माझी प्रत काकांना नेऊन दिली तेव्हा एवढंच म्हटलं की तिसऱ्याचं उत्तर आहे. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घणसोली, ती परत आली गं. आपलंच लिहिलेलं पाडायला परत आली." त्यांनी मला अगं म्हटलं ते तेव्हापासून.

ती परत आली. ल ग्विनवर आमचा जीव आहे तो मुख्यतः ह्यासाठी. पुष्कळ लेखक एक जग उभारतात आणि मग त्याची राखण करत बसतात. ही बाई आपल्या जगात पुन्हा पुन्हा शिरून विचारत राहिली की इथे माझं काय चुकलं.

दिघा आमच्यात आली तीच भांडत. पहिल्या पुस्तकात एक म्हण आहे, बायकांच्या जादूइतकी दुबळी आणि बायकांच्या जादूइतकी दुष्ट अशा अर्थाची. शाळेत एकही मुलगी नाही. गेडला पहिले मंत्र शिकवणारी त्याची गावठी चेटकीण मावशी, तिला लेखिका फार मान देत नाही. दिघाने पुस्तक बाकड्यावर आपटलं आणि म्हणाली, "तुम्ही सगळे हिला एवढं डोक्यावर का घेता?" काका काही बोलणार तेवढ्यात मी त्यांना खुणेने थांबवलं. तिचा राग खरा होता आणि माझ्या पिढीने तो गिळला होता. मी तिला म्हटलं, आणखी तीन पुस्तकं वाच आणि मग आपट. चौथं पुस्तक, 'तेहानू', १९९० चं, तिसऱ्यानंतर अठरा वर्षांनी आलेलं. त्यात जादूगारांच्या मोहिमा नाहीत. एक मध्यमवयीन विधवा आहे, शेत आहे, शेळ्या आहेत, भाजलेली एक पोर आहे जिला कुणी शिवत नाही, आणि सामर्थ्य संपलेला, भांडी घासणारा गेड आहे. ज्या बायकांकडे पहिल्या पुस्तकांनी पाहिलं नाही, त्यांच्याकडे ते पुस्तक पाहतं. २००१ च्या कथासंग्रहात तर कळतं की रोकची शाळा उभारणाऱ्यांत बायका होत्या आणि नंतर त्यांनाच दाराबाहेर काढलं. दिघाने ती तीनही पुस्तकं पाच आठवड्यांत संपवली. म्हण तिला अजून आवडत नाही. मलाही आवडत नाही.

पावसाळ्यात आम्ही दिघाच्या आजीकडे, कळव्याला खारेगावात भेटतो. आजी पंचाहत्तरीच्या. आम्ही बाहेरच्या खोलीत बोलत असायचो आणि त्या दाराशी पाटावर बसून लसूण सोल, शेंगा निवड, असं काहीतरी करत असायच्या. "मला काय कळतंय तुमचं इंग्रजी," म्हणायच्या, पण उठून जायच्या नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही पुस्तकातले भाग तोंडी मराठीत सांगायला लागलो. त्यातून आमची नेहमीच वादावादी व्हायची. व्हेच ही शेंगवर्गातली वेल, आपल्या लाखेच्या डाळीच्या नात्यातली. मग त्या मित्राला मराठीत काय म्हणायचं? आजींनीच सोडवलं. "मित्र म्हणा की," म्हणाल्या. "तोच तर आहे तो."

ह्या व्हेचचं एक दृश्य त्यांना फार आवडलं. गेड हरलेला, तोंडावर व्रण, शाळेत मागे पडलेला. व्हेच शिकून घरी निघालाय. निघताना तो म्हणतो, कधी गरज पडली तर मला माझ्या नावाने हाक मार, आणि आपलं खरं नाव सांगून टाकतो. एस्टॅरिऑल. कुणी मागितलेलं नसताना. आजी म्हणाल्या, "आता तो ह्याला मारूसुद्धा शकतो, नाही का?" हो, आजी. "तरी सांगितलं." हो. त्यांनी मान हलवली आणि लसणीच्या पाकळ्या वाटीत टाकल्या.

एकदा काकांनी ल ग्विनच्या नावातल्या 'के'चा अर्थ सांगितला. के म्हणजे क्रोबर, तिचं माहेरचं आडनाव. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावापाशी एक उपाशी माणूस रानातून बाहेर आला. याही जमातीतला शेवटचा. बाकीचे मारले गेले होते किंवा मेले होते. क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आसरा दिला. नाव विचारलं तर तो सांगेना. त्याच्या लोकांत आपलं नाव आपण सांगायचं नसे; आपल्या माणसाने ओळख करून द्यायची असते, आणि आपलं माणूस कुणी उरलंच नव्हतं. क्रोबर त्याला इशी म्हणू लागले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला आणि खरं नाव त्याच्याबरोबर गेलं. उर्सुला जन्मली १९२९ मध्ये. तिने त्याला पाहिलं नाही. पण तिच्या आईने, थिओडोरा क्रोबरने, १९६१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं, आणि सात वर्षांनी लेकीचं अर्थसी आलं. लेकीने ते तिथूनच उचललं असं मी म्हणणार नाही. पण विशीत मला पडलेलं कोडं त्या दिवशी थोडं हललं.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नाही सांगितलं नाव? बरं केलं."

पुढच्या भेटीत 'द टूम्ब्स ऑफ अतुआन' काढलं. १९७१ चं, दुसरं पुस्तक. कार्गिश, म्हणजे पहिल्या पुस्तकातल्या त्या गोऱ्या लुटारूंच्या मुलखातली टेनार नावाची खेड्यातली मुलगी पाच वर्षांची असताना अनाम काळ्या शक्तींची पुजारीण म्हणून आईबापांकडून नेली जाते. सहाव्या वर्षी विधी होतो आणि तिचं नाव काढून घेतात. त्यानंतर ती अर्हा, म्हणजे खाल्ली गेलेली. थडग्यांखालच्या अंधाऱ्या भुलभुलैयावर तिचं राज्य असतं. चोरवाटेने आत आलेला गेड तिच्या हाती सापडतो, ती त्याला कोंडून ठेवते, मारू शकत नाही. आणि एके दिवशी तो तिला नावाने हाक मारतो. टेनार. सकाळी उठल्यावर तिच्या ध्यानात येतं की आपलं नाव आपल्याला परत मिळालं.

मी हे सांगत होते. आजींचे हात थांबलेले मला आधी दिसले नाहीत. दिघाला दिसले. "आजी, काय झालं?"

आजी म्हणाल्या, "माझंही बदललं होतं की."

लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीने किंवा बोटाने बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, सगळे टाळ्या वाजवतात. आम्ही सगळ्यांनी हे पाहिलेलं. आजींनी त्या दिवशी सांगितलं की नवं नाव काय हे त्यांना त्या ताटात वाचूनच कळलं. आधी कुणी विचारलं नव्हतं. वय एकोणीस. वडील होते तोवर माहेरची पत्रं जुन्या नावाने यायची. ते गेले तशी बंद झाली. नंतर आजोबा वारल्यावर निवृत्तिवेतनाच्या कामासाठी एका कार्यालयात खेटे घालावे लागले. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. खिडकीतल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "ह्या दोघी कोण?" प्रतिज्ञापत्र करावं लागलं की ह्या दोघी एकच. "मला तेव्हा वाटलं," आजी म्हणाल्या, "की एक नाही आहेत."

"मग तुझं आधीचं नाव काय?" दिघाने विचारलं. एकवीस वर्षं आजीच्या मांडीवर वाढलेली पोर, तिला ठाऊक नव्हतं. आजी उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

नंतर गणपती आले, पितृपक्ष आला, महिना दीड महिना भेट झाली नाही. आम्ही पुन्हा जमलो तेव्हा पाऊस परतीचा होता, बाहेर दुपारीच काळोख झाला होता. आजींनी आम्हाला जेवायलाच थांबवलं होतं. त्या नेहमीच्या पाटावर बसून ताटात तांदूळ निवडत होत्या. बेलापूर काहीतरी वाचत होता. कोणतं पान ते मला आठवत नाही.

"जरा इकडे या सगळे," आजी म्हणाल्या.

आम्ही उठून त्यांच्याभोवती जमिनीवर बसलो. त्यांनी तळव्याने तांदूळ ताटभर सारखे केले आणि तर्जनीने लिहायला लागल्या. तीन अक्षरं. शेवटचं अक्षर काढताना बोट क्षणभर थांबलं, मग वेलांटी दिली. दिघाने ते वाचलं, मोठ्याने नाही, नुसते ओठ हलले. काकांनी चष्मा लावून वाचलं. बेलापूरने वाचलं. मी वाचलं.

"हाक नका मारू," आजी म्हणाल्या. "ठाऊक असू दे फक्त."

मग काकांनी आपलं खरं नाव सांगितलं. मग बेलापूरने, मग मी. सहा वर्षांहून अधिक ओळख होती आमची, आणि काकांचं नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकलं. दिघा शेवटी म्हणाली, "माझं तर तूच ठेवलंयस, आजी," आणि तरीही सांगितलं.

आजींनी सगळ्यांची नावं ऐकून घेतली. ताट दोन्ही हातांनी धरून एकदा हलवलं. तांदूळ सारखे झाले. ते घेऊन त्या आत गेल्या, दोन पाण्यांतून धुतले आणि कुकर लावला.